हिशेब न लागलेला छर्रा

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. रक्कम माणशी साडेसातशे रुपये. त्यात दुपारचं जेवण, छर्रे आणि अमेरिकेचा इतिहास. हजर: मी, माझी बायको सुनंदा, तिचा धाकटा भाऊ शिरीष, निवृत्त सुभेदार पोनप्पा आणि संगणकाच्या कंपन्यांमधली सतरा तरुण माणसं. त्या दिवशी दुपारी जेवणाआधी मी एका माणसाला गोळी घालून ठार मारलं, अशी जवळजवळ तासभर माझी पक्की खात्री होती.

मी मुळात घाबरट माणूस आहे. हे सांगायला मला लाज वाटत नाही, कारण घाबरटपणावरच माझी नोकरी झाली. सरकारी कारखान्यात हिशेब खात्यात चौतीस वर्षं काढली आणि एकदाही लेखापरीक्षकाने माझ्या कागदावर लाल शाई टेकवली नाही. हे हुशारीने होत नाही, भीतीने होतं! दिवाळीत मी फटाका लावतो तो बांबूच्या टोकाला उदबत्ती बांधून. (आणि लावतो म्हणजे फुलबाजी.) अशा माणसाने रायफल हातात घेऊ नये, हे कुणालाही कळेल. फक्त आमच्या सासरच्यांना कळत नाही.

शिरीष वीस वर्षं अमेरिकेत राहून बेंगळूरुला परत आला. बाकीचे लोक तिकडून येताना चॉकलेट आणतात, त्याने एक छंद आणला. तिकडे म्हणे शनिवार-रविवारी स्वयंसेवक मंडळी एकत्र जमून लोकांना रायफलीचा नेम शिकवतात आणि मधल्या वेळात त्यांच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या गोष्टी सांगतात. पगार कुणालाच नाही. शिरीष तिकडे असा स्वयंसेवक होता. आता हाच वर्ग त्याने होसकोटेच्या पुढे, एका मित्राच्या आंब्याच्या बागेत भरवायचं ठरवलं. खऱ्या बंदुकीऐवजी लायसन न लागणाऱ्या हवेच्या रायफली. इतिहास मात्र अमेरिकेचाच, अस्सल.

"अरे, पण अमेरिकेचा वारसा होसकोटेत कशाला?" मी विचारलं.

"दाजी, गोष्ट त्यांची, नेम आपला!" शिरीष म्हणाला. (निपाणीकडची माणसं बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात. त्या शब्दात आदर असतो, असा माझा समज आहे.)

"मी नाही येणार. चार महिन्यांवर निवृत्ती आली आहे माझी."

"त्याचा काय संबंध?" सुनंदाने स्वयंपाकघरातून विचारलं.

संबंध होता! निवृत्तीच्या वेळी आमच्याकडे एक दाखला लागतो. 'सदर कर्मचाऱ्याविरुद्ध कोणतीही चौकशी किंवा फौजदारी प्रकरण प्रलंबित नाही.' हा दाखला मिळाला तर ग्रॅच्युइटी, पेन्शन, सगळं. नाही मिळाला तर सगळं अडकलं. आमच्या खात्यातल्या एका गृहस्थांची स्कूटर निवृत्तीच्या आधी एका म्हशीला धडकली, तर त्यांची फाईल सहा महिने हलली नव्हती. आणि तिथे म्हैस जिवंत होती!

"घरचीच माणसं नाही गेली तर पोराला कसं वाटेल?" सुनंदा म्हणाली. शिरीष हे पोर बावन्न वर्षांचं आहे. "पहिलाच वर्ग आहे त्याचा. चला की गप."

गेलो.

बागेत पोचलो तेव्हा झाडांखाली बेंगळूरुच्या चिकपेटे बाजारातून घाऊक आणलेल्या सतरंज्या ओळीने अंथरल्या होत्या. समोर पंचवीस मीटरवर एक तार ताणून तिच्यावर वाळत घातल्यासारखी कागदी टार्गेटं लावली होती आणि त्यांच्या मागे पुरुषभर उंचीचा मातीचा बांध. शिरीषच्या डोक्यावर तीन कोपऱ्यांची काळी टोपी होती. तिच्यात तो स्वातंत्र्यसैनिकापेक्षा वाढप्यासारखा जास्त दिसत होता, पण मी बोललो नाही.

सुरक्षेचे नियम सुभेदार पोनप्पांनी सांगितले. हे कोडगूचे, म्हणजे कूर्गचे. त्यांच्या घराण्यात मूल जन्मलं की बंदुकीचा बार काढतात. साठी उलटलेली, पाठ फळीसारखी, आणि बोलणं फौजेतल्या हिंदीत.

"राइफल हमेशा भरी हुई समझो!"

मी दोन पावलं मागे सरलो.

"नली कभी किसी आदमी की तरफ नहीं! उंगली ट्रिगर से बाहर! सीज फायर बोला तो राइफल नीचे, हाथ ऊपर! कोई शक?"

"साहेब," मी हात वर केला, "ये छर्रा कितना दूर जाता है?"

"टार्गेट तक."

"और टार्गेट को नहीं लगा तो?"

"बांध में."

"और बांध को भी नहीं लगा तो?"

सुभेदारांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना असा शिपाई भेटला नसावा. "तीन सौ मीटर जा सकता है," ते म्हणाले. "मगर बांध को कौन नहीं मार सकता? बांध है वो!"

संगणकवाले हसले. मी हसलो नाही. मी बांधापलीकडे पाहत होतो. डाव्या अंगाला एक मोठं चिंचेचं झाड, त्याच्या पलीकडे कौलारू घर आणि घरातून निघणारा धूर. याचा अर्थ तिथे माणसं राहत होती! तीनशे मीटरच्या आत!

मग शिरीषचं व्याख्यान झालं. सतराशे पंचाहत्तर सालातली एप्रिलची पहाट. इंग्रजांची फलटण शेतकऱ्यांची शस्त्रं जप्त करायला निघालेली. रात्रभर घोडेस्वार गावोगाव निरोप देत धावलेले. लेक्झिंग्टन नावाच्या गावात इकडे मूठभर शेतकरी, तिकडे लाल डगलेवाले शेकडो शिपाई. शिरीष छान सांगतो, हे कबूल केलं पाहिजे. सुनंदाने तर पदर डोळ्याला लावला.

"आणि तेवढ्यात कुठून तरी एक गोळी सुटली," शिरीषने आवाज खाली आणला. "त्या एका गोळीने युद्ध पेटलं. पण ती कुणी झाडली, हे आजपर्यंत कुणालाही कळलेलं नाही!"

"आजपर्यंत?" मी विचारलं.

"आजपर्यंत, दाजी."

"अडीचशे वर्षं नोंद उघडी ठेवली आहे? कुणाकडे किती गोळ्या शिल्लक राहिल्या, हे त्याच दिवशी मोजलं असतं तर..."

"अहो, गप बसा की," सुनंदा म्हणाली.

माणशी दहा छर्रे मोजून मिळाले. सतरंजीवर पालथं पडायचं, कोपर टेकायचं, रायफल खांद्याला लावायची, अर्धा श्वास सोडायचा आणि चाप दाबायचा. ऐकायला सोपं आहे. पण माझं पोट आणि जमीन यांचं फार दिवसांत बोलणं नव्हतं. मी पालथा पडलो तेव्हा पोट टेकलं आणि बाकीचा मी दोन्ही बाजूंना अधांतरी राहिलो. पुढे झुकलो की पाय वर, पाय टेकले की रायफल आभाळात! पोनप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला जमिनीला समांतर केलं.

शेजारच्या सतरंजीवर, माझ्या डावीकडे, सुनंदा. तिने साडीचा पदर खोचला, चष्मा पुसला आणि पोळ्या लाटायला बसावं तशी शांतपणे पालथी पडली. फट्. फट्. फट्. एकेक छर्रा असा सोडत होती, जणू तव्यावर टाकते आहे.

सगळ्यांच्या कानांवर शिरीषने आवाज अडवणारे मोठे डबे बसवले होते. (हवेच्या रायफलीला एवढा आवाज नसतो, पण तिकडची शिस्त!) मी मात्र माझा डावा डबा हळूच बाजूला केला. 'सीज फायर' ऐकू आलं नाही आणि मी गोळी झाडतच राहिलो तर? म्हणून त्या अख्ख्या बागेत ऐकू येत असलेला मी एकटाच होतो.

सहा छर्रे नीट गेले. सातवा भरला, नेम धरला, अर्धा श्वास सोडला आणि मानेत, कॉलरच्या आत, आंब्यावरचा एक तांबडा मुंगळा कडकडून चावला. मी सतरंजीवरून अख्खा वर उडालो. रायफल डावीकडे फिरली. बोट ट्रिगरवर होतं.

फट्!

आणि त्याच क्षणी बांधापलीकडून, चिंचेच्या बाजूने, आवाज आला.

"अय्यय्यो!"

मग धप्प. मग काही नाही.

मी आजूबाजूला पाहिलं. कुणीही ऐकलं नव्हतं. सगळे कान झाकून, एक डोळा मिटून, अमेरिकेचा वारसा जपत होते. सुनंदा छर्रा भरत होती. माझ्या कपाळावरून घाम निघाला तो थेट कोपरापर्यंत आला. उरलेले तीन छर्रे मी कसे मारले ते मला आठवत नाही, पण मारले. हातात शिल्लक राहिले असते तर लोकांनी कारण विचारलं असतं!

सीज फायर झालं. टार्गेटं काढून आणायला सगळे धावले. मी चालत गेलो. कागद काढला. भोकं मोजली. नऊ.

पुन्हा मोजली. उजेडाकडे धरून मोजली. कागद उलटा करून मागून मोजली. नऊच!

"शिरीष, माझा एक छर्रा लागत नाही."

"वा, दहात नऊ म्हणजे झकास की दाजी!"

"कौतुक नको. दहावा कुठे गेला?"

"गेला असेल बांधात."

"असेल? नोंद 'असेल' अशी करतात का? बांध खणून बघू. चाळणी आहे का?"

"चाळणी?" पोनप्पा पुढे आले. "किसलिए चाळणी?"

"साहेब, मेरा एक छर्रा मिसिंग है. जब तक मिलता नहीं, क्लोज नहीं कर सकते."

"अरे, आप की उमर में नौ लग गए, आप मिठाई बांटो!"

तेवढ्यात बक्षीस जाहीर झालं. महिलांत पहिली, आणि पुरुष धरूनही पहिली: सुनंदा! तिच्या काळ्या वर्तुळाच्या मधोमध भोकांचा असा गुच्छ झाला होता, की एकाला दुसरं चिकटलेलं. पोनप्पांनी तो कागद सगळ्यांना दाखवला, सलाम ठोकला, गुंडाळी करून लाल फीत बांधली आणि तिच्या हातात दिला. टाळ्या झाल्या. पंगत मांडायला सुरुवात झाली. मी सुनंदाला कोपराला धरून आंब्यामागे नेलं.

"ऐक. मी माणूस मारलाय."

"कुठला?"

(इतक्या वर्षांच्या संसारानंतर बायको 'काय!' म्हणत नाही. 'कुठला' विचारते!)

मी सगळं सांगितलं. मुंगळा, डावीकडे फिरलेली रायफल, अय्यय्यो, धप्प. आणि नऊ भोकं.

"अहो, ओरडणारी माणसं मरत नसतात."

"आधी ओरडतात, मग मरतात. उलटं करता येत नाही!"

"मग चला, बघून येऊ."

आम्ही बांधावर चढलो. म्हणजे सुनंदा चढली आणि तिने मला ओढून घेतलं. डोकं वर काढून पाहिलं.

चिंचेखाली बाजेवर एक माणूस आडवा होता. पांढरा शर्ट, पांढरा पंचा. हालचाल नाही. उशाशी एक म्हातारी बसून सुपाने वारा घालत होती आणि मोठ्याने काही म्हणत होती. दोन बायका तोंडावर पदर घेऊन उभ्या होत्या. खांदे हलत होते त्यांचे.

"रडताहेत," मी म्हणालो.

"हूं," सुनंदाही गंभीर झाली. आता मला खरी भीती वाटली. सुनंदा गंभीर होते ती फक्त डॉक्टर काही बोलले नाहीत तर.

मी डोळे मिटले. डोळ्यांपुढे ती दाखल्याची ओळ आली: 'फौजदारी प्रकरण प्रलंबित नाही.' त्यातला 'नाही' कुणीतरी पुसत होतं. मग त्या माणसाची बायको दिसली. मुलं दिसली. तुरुंगात मला हिशेबाचंच काम देतील का, हाही विचार येऊन गेला. (देतात म्हणे.) मग वाटलं, गाडी जवळच आहे, जेवणाचा गोंधळ चालू आहे, मागच्या रस्त्याने वीस मिनिटांत होसकोटे. हा विचार मी तोंडाने बोललो नसेन, पण सुनंदाने तो ऐकला.

"काही गरज नाही. सरळ जायचं आणि सांगायचं, माझ्या हातून झालं. पुढचं बघू. मी आहे की."

"मी आहे" म्हणताना तिने ती फीत बांधलेली गुंडाळी छातीशी धरली होती. तिच्या नेमाचं प्रमाणपत्रच ते. मला फारसा धीर आला नाही.

मी मनातल्या मनात कन्नडमध्ये कबुलीजबाब जुळवला. 'नन्निंद तप्पायितु.' माझ्याकडून चूक झाली. तीनदा म्हणून पाहिलं. पुरावा म्हणून नऊ भोकांचा कागद हातात घेतला आणि बांधावरून पलीकडे उडी मारली.

उडी मी बरोबर मारली. जमीन चुकली. उजवा पाय एका ढेकळावर पडून आतल्या बाजूला वळला आणि 'कट्' असा आवाज माझ्या डाव्या कानाने अगदी स्पष्ट ऐकला.

"लागलं का हो?"

"माझं राहू दे! त्याचं बघ!"

लंगडत, हात जोडून, जोडलेल्या हातांत कागद धरून मी बाजेपाशी पोचलो. माणूस चाळिशीचा. डोळे मिटलेले. पण छाती वरखाली होत होती. जिवंत! मला रडू आलं.

"नन्निंद तप्पायितु!" मी ओरडलोच. "अण्णा, नन्निंद तप्पायितु!"

माणसाने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर हात दाबून कुशीवर वळला. कळ आली असणार. कण्हला.

"कुठं लागली?" मी विचारलं. (हा सगळा संवाद कन्नडमध्ये झाला. माझं कन्नड बाजारापुरतं आहे, त्यामुळे मी जे बोललो ते प्रत्यक्षात याहून वाईट असावं.)

"सोंटा, सार," तो कसाबसा म्हणाला आणि कमरेच्या मागे हात लावला.

मी वाकून पाहिलं. शर्ट पांढरा स्वच्छ. "रक्त नाही!"

"आत गेली असेल," सुनंदा मागून म्हणाली. काय गरज होती?

"भोक कुठंय? भोक दाखवा!" मी त्याच्या पंच्याला हात घालणार, तेवढ्यात म्हातारीने माझ्या मनगटावर सूप हाणलं.

"ए! कोण रे तू? भर दुपारी माझ्या पोराचं धोतर सोडतोस?"

"अज्जी, गोळी! माझी गोळी लागली त्याला! मी मारली! सातवी!" मी नऊ भोकांचा कागद तिच्या डोळ्यांसमोर नाचवला. "हे बघा, दहा पाहिजेत, नऊ आहेत! एक याच्यात आहे!"

म्हातारीने कागदाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग बाजेकडे वळून म्हणाली, "मुनिराजू, हा तोच का रे?"

"तोच," मुनिराजू म्हणाला आणि बाज गदगद हलायला लागली.

तो कण्हत नव्हता. हसत होता! त्या दोघी बायकाही रडत नव्हत्या. पदराआडून त्यांचे खांदे हलत होते ते हसूनच.

"गोळी कसली, सार," मुनिराजू कमरेला धरून, एकेक शब्द तोलत म्हणाला. "सकाळपासून झाडावर बसलो होतो मी. बेंगळूरुची शिकलेली माणसं उन्हात पालथी पडून काय करतात, बघायला. एवढी मोठी माणसं ओळीनं पोटावर! त्यात एक जण तर टेकतच नव्हता. पुढून दाबला की मागून वर, मागून दाबला की पुढून वर. मी फांदीला धरून हसत होतो. तरी बरं चाललं होतं, सार. पण मग तो एकदम..." इथे त्याला पुढे बोलवेना.

"मासा उडाल्यासारखा उडाला," म्हातारीने वाक्य पुरं केलं. "सांगितलं यानं आम्हाला. हात सुटला याचा हसता हसता. खालच्या फांदीवर आदळला आणि मग खाली."

मी कागदाची घडी घातली.

"म्हणजे अहो," सुनंदा सावकाश म्हणाली, "पाडला तुम्हीच. फक्त गोळीशिवाय."

आणि मग ती माझी बायको, जी घरी टीव्हीवरच्या विनोदाला 'हूं' म्हणते, ती त्या बाजेच्या कडेला बसली आणि त्या तिघींबरोबर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली!

तेवढ्यात मुनिराजूसाठी बोलावलेली रिक्षा आली. गावात हाडं बसवणारे एक वैद्य होते, त्यांच्याकडे निघायचं होतं. मी सौजन्याने मागे सरलो, उजव्या पायावर भार दिला आणि खाली बसलो. पाय घोट्यापाशी दुधी भोपळ्यासारखा झाला होता.

"यालाही घाला आत," म्हातारी रिक्षावाल्याला म्हणाली.

तर खुनी आणि मयत एकाच रिक्षात, मधे सुनंदा. मुनिराजू मोठा भला माणूस. प्रत्येक खड्ड्याला स्वतःची कंबर धरायचा आणि मला म्हणायचा, "स्वल्प अडजस्ट माडी, सार," म्हणजे जरा सांभाळून घ्या. बोलता बोलता कळलं, त्याची राई-रागीची शेती आणि दोन गाई. मी त्याची किमान सहा वेळा क्षमा मागितली. दर वेळी तो माझ्या पोटाकडे बघायचा आणि बाहेर तोंड फिरवायचा.

वैद्यबुवांनी मुनिराजूला आधी तपासलं. कंबर चमकली आहे, दोन दिवस तेल लावा, चला, उठा. तो उठून उभा राहिला! मग त्यांनी माझा घोटा हातात घेतला आणि तोंडाने 'च्च च्च' केलं. त्या आवाजाने मला पुन्हा भीती वाटायला लागली.

"हाड मोडलं का?"

"मोडलं नाही. सरकलंय. बसवतो. तुम्ही तोवर काहीतरी मोजा. लक्ष तिकडे ठेवा."

मोजायला काय? सुनंदाने हातातली गुंडाळी सोडून माझ्यापुढे धरली. "हे घ्या. तुमच्या आवडीचं काम."

मी तिच्या बक्षिसाच्या कागदावरची भोकं मोजायला लागलो. गुच्छातली एकेक वेगळी करत, बोट ठेवत. एक, दोन, तीन. वैद्यबुवांनी अंगठा टेकवला. सात. आठ. त्यांनी टाच धरली. नऊ. दहा...

"अकरा?" मी म्हणालो.

कट्!

मी जी किंकाळी फोडली, ती बहुधा बागेतल्या पंगतीतही ऐकू गेली असावी. पण वेदनेची ती निम्मीच होती.

"सुनंदा! अकरा भोकं आहेत!"

"मग?"

"तुला छर्रे दहा मिळाले होते! अकरावं भोक माझं आहे! मुंगळा चावला, रायफल डावीकडे फिरली, शेजारी तुझं टार्गेट! मधोमध जे अचूक लागलंय ना, वर्तुळाच्या अगदी नाकावर, ते माझं! बाकीची सगळी खालच्या बाजूला आहेत, बघ!"

तिने कागद घेतला. चष्मा नाकावर सारून नीट पाहिला आणि शांतपणे परत गुंडाळला. "मधलं माझंच आहे. तुमचं ते कडेचं."

"कशावरून?"

"तुम्हाला ओळखते मी."

वैद्यबुवांनी माझ्या घोट्याला पाला आणि अंड्याचा पांढरा बलक यांचा लेप लावला, वर बांबूच्या कामट्या बांधल्या. आमच्या घरात आजवर अंडं आलेलं नाही. पहिलं आलं ते माझ्या पायावरून.

आता पैसे. माझं पाकीट बागेत, पिशवीत राहिलं होतं. फोनही तिथेच. सुनंदाच्या हातात फक्त बक्षीस. शेवटी मुनिराजूने शर्टाच्या खिशातून नोटा काढून वैद्यबुवांना सातशे रुपये दिले: दोनशे स्वतःच्या कमरेचे, पाचशे माझ्या पायाचे. ज्याला मी दुपारी मारलं होतं, त्यानेच माझ्या औषधाचे पैसे भरले. भरून तो चालत रिक्षात बसला. मला दोघांनी धरून नेलं.

शिरीषने बागेत माझी अवस्था पाहिली आणि टोपी काढली. "दाजी, काय झालं?"

"वारसा," मी म्हणालो आणि गाडीत जाऊन बसलो.

घरी पोचल्यावर पहिलं काम म्हणून मी मुनिराजूला फोनवरून सातशे रुपये पाठवले. दोनशे लगेच परत आले. "कंबर माझी, हसलो मी, पडलो मी, सार," असं त्याचं म्हणणं. मला पटलं. खर्च ज्याचा, त्याच्या नावावर. पाचशे दिले, पाचशे पोचले, प्रकरण मिटलं. खून नाही, जखमी नाही, दाखला सुरक्षित! मी पाय उशीवर ठेवला आणि दिवसभरात पहिल्यांदा पूर्ण श्वास सोडला.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. मुनिराजूकडून पन्नास रुपये जमा.

मी लगेच त्याला फोन लावला. "अण्णा, हे चुकून आले का?"

"चुकून नाही, सार. ते तिकिटाचे. आम्ही घरचे पाच जण, माणशी दहा. अज्जी विचारते, पुढच्या शनिवारी परत पालथे पडणार का? शेजारचे पण यायचं म्हणतात."

मला दरदरून घाम फुटला. आमच्या नोकरीच्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे: सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय कर्मचाऱ्याने बाहेरच्या कोणत्याही कामातून, कला अथवा करमणुकीच्या कार्यक्रमांसह, उत्पन्न घेऊ नये. आणि निवृत्तीला चार महिने! पन्नास रुपये, मुनिराजूला, तत्काळ परत. वर एक ओळ लिहून पाठवली, की सदर कार्यक्रम विनामूल्य होता.